मुकादमकाकांच्या हातचं मीठ

मुकादमकाकांचा मासा मी मारला. हे एवढं वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायला मला चार वर्षं लागली.

काका वसईच्या मिठागरावर जन्मभर मुकादम होते. मी त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत भाड्याने राहायचो आणि ग्रामपंचायतीत कारकुनी करायचो. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. "ए पंचायत!" अशी हाक आली, की मी समजायचो.

त्यांची एक सवय तुम्ही पाहायला हवी होती. चिमूटभर मीठ ते तीन बोटांत चोळायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "ओलं आहे अजून. पानी आहे यात." घरात कालवण काकी करायच्या, पण मीठ काकांनी टाकायचं. चव न घेता. "हाताला इचार. हात खोटं नाय बोलत." उन्हाळ्यात आळीतल्या बायका कैरीच्या फोडी घेऊन त्यांच्या दारात यायच्या. काकांच्या हातचं मीठ पडलं की लोणचं वर्षभर टिकतं, असा सगळ्यांचा विश्वास होता.

लग्नाआधी त्यांच्या मुलीने मुंबईहून काचेची टाकी आणि एक गोल्डफिश आणला होता. सासरी जाताना ती दोन्ही इथेच ठेवून गेली. काका आधी थट्टा करायचे, "खायचा नाय, इकायचा नाय. मंग काय, आरती करायची?" महिन्याभरात मात्र रोज सकाळी टाकीसमोर स्टूल घेऊन बसू लागले. "काय गो बाय, जेवलीस काय?"

एका उन्हाळ्यात बाय आजारी पडली. शेपटीवर आणि कल्ल्यांवर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे ठिपके आले. ती तळाच्या दगडाला अंग घासत राहायची, अन्नाला तोंड लावत नव्हती. काकांनी आपलं औषध काढलं. रोज पाण्यात मोजकी चिमूट. शिवाय विहिरीचं पाणी मडक्यात दोन दिवस उघडं ठेवायचं, आणि टाकीतलं तांब्याभर काढून मडक्यातलं तांब्याभर घालायचं.

"माझ्या तापात कधी एवढा बसला नाय," काकी म्हणाल्या.

"तू बोलून दाखवतेस. ती कुठे बोलते?"

आठवड्याभरात ठिपके निम्मे झाले. बाय वर येऊन खाऊ लागली. तेवढ्यात गास गावी काकांच्या बहिणीच्या घरी बारावं आलं, आणि दोघांना एक दिवस जावं लागलं. निघण्याच्या घाईत काकांनी चिमूट टाकली आणि मला बजावलं, "तांब्याभर काढ, मडक्यातलं तांब्याभर घाल. जास्ती शानपना नको, पंचायत."

मला नेमका तोच सुचला. पाणी गढूळ दिसत होतं. काका परत येतील तेव्हा टाकी लखलखीत दिसावी, शाबासकी मिळावी, म्हणून मी निम्मी टाकी उपसली आणि विहिरीच्या दोन बादल्या थेट ओतल्या. त्याच सकाळी त्या विहिरीत पंचायतीच्या माणसाने जंतुनाशक पावडर टाकली होती. कुठल्या विहिरीत कधी टाकायची, तो कागद माझ्याच हातचा होता. बादली ओढताना वासही आला. कामामुळे तो वास इतका ओळखीचा झाला होता, की नाकाने हरकत घेतली नाही.

तासाभरात बाय आडवी झाली.

संध्याकाळी काका आले. त्यांनी बायला ओंजळीत बाहेर काढलं. मग स्वतःच्या तीन बोटांकडे पाहत म्हणाले, "चिमूट जास्ती पडली माझी. घाईत टाकली ना."

मी बोलायला तोंड उघडलं. "आजारी होतीच ती," एवढंच बाहेर पडलं.

माडाच्या बुंध्याशी त्यांनी तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी कालवणाजवळ बोलावल्यावर ते उठले नाहीत. "तूच टाक. या हाताचा भरवसा गेला." कैऱ्या घेऊन आलेल्या बायकांनाही त्यांनी दारातूनच परतवलं, "नासेल गो. दुसरं कोन बघा." रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. काकींच्या हाताला अंदाज नव्हता. कालवण कधी अळणी, कधी खारट. चार वर्षं मी ते निमूटपणे जेवलो.

चौथ्या वर्षी काका अंथरुणाला खिळले. पावसाआधीच ते गेले. त्याआधी एका दुपारी काकी त्यांच्यासाठी पेज घेऊन आल्या, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. काकांनी सवयीने विचारलं, "मीठ टाकलंस काय?" आणि माझ्याने राहवलं नाही.

"काका, मडक्यातलं पाणी मी घातलंच नव्हतं. पावडर टाकलेल्या विहिरीचं ओतलं. तुमचं मीठ बरोबर होतं. बाय त्यानेच बरी होत होती."

काकांनी मान माझ्याकडे वळवली.

"चार वरसं, पंचायत?"

"चार वर्षं."

काकींनी पेजेची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी हात पुढे केला. "मीठ आन."

तीन बोटांत चिमूट चोळली. डोळे मिटले. पेजेत सोडली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "बघ."

मी घोट घेतला.

"बरोबर आहे, काका," मी म्हणालो. "चुकलो तो मी. मला माफ करा."