महालक्ष्म्यांच्या आधी आत आलेला माणूस

आमच्या महालक्ष्म्या हसनाबादला, मोठ्या जाऊबाईंकडं बसायच्या. त्यांचे गुडघे गेले, तशा सासूबाई म्हणाल्या, "औंदा जालन्याला, तुमच्याकडं बसवून पाहू. जमलं तर तिथंच, न्हाई तर आपलं गाव हायेच." त्या 'पाहू'नं माझी झोप उडाली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण या घरात मी आपली धाकटीच. हाक मारायची ती कांदे चिरायला. आता एवढं मोठं काम दिलंय ना, मंग असं करून दाखवते की सगळे बघतच राहतील!

त्या जोशात मी समोरच्या दाराला हिरवागार ऑइलपेंट दिला. एक हात न्हाई, दोन. आधी जुना रंग खरवडायचा असतो म्हणे. कोण बसतंय खरवडत! वर शहाणपणा असा की, रंग ओला असतानाच दार गच्च लोटून आतून कडी लावली, मागच्या दारानं बाहेर पडले आणि यांच्याबरोबर सासूबाईंना अन् लक्ष्म्यांच्या मुखवट्यांना आणायला हसनाबादला गेले. दोन दिवसांनी आलो, तर समोरचं दार काही केल्या उघडेना.

"पावसाळ्यात लाकूड फुगतंच," कुणी विचारायच्या आत मीच बोलून टाकलं. चोराच्या मनात चांदणं.

मागच्या दाराला जायचं म्हणजे मोरीच्या बाजूनं, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून जावं लागतं. सासूबाई ओल्या टॉवेलातून डोकं सोडवत आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "लक्ष्म्या काय मोरीकडून आणायच्या? बिलकुल न्हाई. उद्या दुपारपर्यंत समोरचं दार उघडलं तर ठीक. न्हाई तर मी मुखवटे घेऊन चालले वापस."

मी दोन सुतारांना फोन केले. एक गावी गेल्ता. दुसरा म्हणाला, "ताई, माझ्याबी घरी लक्ष्म्या हायेत ना."

"सुतार कशाला?" आमचे हे बाह्या सारत पुढं आले. हे एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये आहेत. "मी रोज लालबुंद लोखंड सरळ करून राह्यलो, अन् हे लाकडाचं दार माझं ऐकणार न्हाई?"

"लोखंडाला भट्टी असते. दाराला काय लावता, काडी?" मी म्हणाले. स्वतःची चूक असली की माझी जीभ जास्त चालते.

संध्याकाळभर बाहेरून ढकललं, आतून ओढलं. कडी उपटून यांच्या हातात आली. फटीत घालून माझं पोळ्यांचं उलथनं वाकवलं, ते वेगळंच. सकाळी यांना नवी अक्कल सुचली: बिजागऱ्या आतून आहेत, सगळे स्क्रू काढले की दार आपोआप निघेल. पेचकस घेऊन बसले. शेवटचा स्क्रू निघाला, तसे आम्ही तिघं मागं सरकलो. दार जागचं हललं न्हाई. कडी न्हाई, बिजागरी न्हाई, तरी चौकटीत ताठ उभं!

"हे उभं कशावर हाये?" हे म्हणाले.

सासूबाई पुढं झाल्या. दार आणि चौकटीच्या फटीत बोट दाबलं. बोट हिरवं झालं. त्यांनी बोटाकडं पाहिलं, मंग माझ्याकडं.

"रंग कधी दिला गं?"

"मंगळवारी."

"अन् दार लावून घेतलं?"

"लावून घेतलं, आत्याबाई."

ते बोट चौकटीला पुसून त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, गेलं सगळं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तोवर दुपार झाली. गल्लीतल्या बायका मागून वाकत वाकत येऊन आत बसल्या. मी दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढून ठेवली होती. हे बाहेर गेले आणि "सरका बाजूला!" म्हणून खांद्यानं धडक दिली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार आणि नवरा दोन्ही बरोबरच आत आले. पावलांवर दार आडवं, दारावर हे आडवे, बनियनला हिरवा पट्टा.

लक्ष्म्या आत येताना जे विचारतात, एका म्हातारीच्या तोंडात सवयीनं तेच आलं, "कोण आलं? कशाच्या पावलांनी आलं?"

"पावलं कुठली! ह्यो तर पोटावर आला," सासूबाई म्हणाल्या. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

मंग रिकाम्या चौकटीतून मी मुखवटे आत आणले. उंबऱ्यावरचं धान्याचं माप पायानं लवंडलं. तीन दिवस दाराच्या जागी चादर होती. हळदी-कुंकवाला बायका सरळ आत यायच्या, एक बकरीसुद्धा येऊन गेली. सासूबाई सगळ्यांशी बोलत होत्या, माझ्याशी कामापुरतं.

दुसऱ्या दिवशी नैवेद्य झाला. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील. माणसं जेवून गेल्यावर सासूबाईंनी आंबिलीची वाटी तोंडाला लावली आणि नाक मुरडलं.

"पातळ झाली. पुढल्या वर्षी कण्या जाड भरडून आण, अन् आदल्या दिवशीच भिजव. ध्यानात ठेव."

"ठेवते, आत्याबाई," मी म्हणाले. त्यांची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं.