दारवाल्यांचे कोरे पान

काळ्या पाषाणातील रामरायाला आणि त्याच्या अंगणाशेजारून वाहणाऱ्या गोदामाईला साष्टांग वंदन करून हे चार शब्द लिहावयास घेतो. आज राजदूतांचे वर्षश्राद्ध. त्यांचा पुतण्या पेठहून आला होता. रामकुंडावर पिंडदान यथाविधि झाले आणि दुपारच्या एसटीने तो परतला. माझ्यापाशी राजदूतांची एक वही राहिली आहे. ती समोर उघडी ठेवूनच लिहीत आहे, कारण त्या वहीत माझेही हस्ताक्षर आहे.

राजदूत कधी कोणाला साधा नमस्कार करीत नसत. विश्वातील एकोणीस ग्रहांवरच्या लोकांच्या एकोणीस अभिवादनपद्धती त्यांना अवगत होत्या आणि माणूस पाहून ते त्यांतली एक निवडीत. घाटावरच्या भाजीवालीपुढे ते दोन्ही हात पाठीमागे घेऊन मान लववीत. हे हात नसलेल्या लोकांचे अभिवादन. तिला त्याची इतकी सवय झाली होती की तीही टोपलीवरचे हात मागे घेऊन मान हलवी. माझ्यासमोर प्रथम आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि विचारले, "आपलं काय सांगायचं राहिलंय?"

मी चमकून म्हणालो, "आपण कोण?"

"मैत्रीमंडळाचा पृथ्वीवरचा राजदूत. नेमणूक हिने केली आहे," असे म्हणून त्यांनी शेजारी पायरीवर बसलेल्या आपल्या पत्नीकडे बोट दाखवले.

"मी कसली नेमणूक करतेय!" त्या म्हणाल्या. "ह्यांचं मंडळ गणपतीतसुद्धा कधी दिसलं नाही, गुरुजी. नुसत्या सभा घेतात."

राजदूत अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पस्तीस वर्षे यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रे काढून निवृत्त झाले. त्या हाताचे वळण वहीभर दिसते. प्रत्येक परग्रहवासीयाचे समोरून, वरून आणि बाजूने असे तीन आराखडे, मापे टाकलेली, आणि खाली छापल्यासारख्या अक्षरांत त्या लोकांच्या चालीरीती. मंडळाचा सभासद व्हावयाचे तर पाच गोष्टी नोंदवाव्या लागत: जन्म, अन्न, पाहुणा, भांडण आणि निरोप. पाचही नोंदी पूर्ण झाल्या की त्या लोकांना सभेत मत मिळे. एका ग्रहावरच्या लोकांचे बोलणे इतके सावकाश की एक वाक्य पुरे व्हायला त्यांना चार ऋतू लागत. त्यांचे मत येईपर्यंत मंडळाच्या सभा तहकूब राहत आणि याबद्दल कोणी कुरकुर करीत नसे. "घाई करणं हा आमच्याकडे एकमेव गुन्हा आहे," असे राजदूत गंभीरपणे सांगत. त्या लोकांना मी 'मंदभाष' हे नाव सुचवले आणि हातांवाचून राहणाऱ्यांना 'अपाणि'. तेव्हापासून मी मंडळाचा भाषापंडित ठरलो. खरे सांगतो, आयुष्यभर इतरांच्या पितरांची नावे उच्चारणाऱ्या मला नव्या लोकांना नावे देण्यात फार सुख वाटले.

हे सारे विश्व कशासाठी होते ते मला पुढे कळले. वहिनींची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास, डाव्या दंडात दोन जाड सुया. मूल नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एका सकाळी अंथरुणातूनच सांगितले होते की आजपासून मी येत नाही, पुरे झाले. राजदूतांना समजावणे जमेना. मग पायाशी बसून, सुचेल तसे ते बोलू लागले की एक असा ग्रह आहे जिथल्या माणसांना हातच नाहीत. "मग जेवतात कसे?" वहिनींनी विचारले. ते म्हणाले, "मशीनवर बसलीस की सांगतो." त्या उठल्या. येथे मैत्रीमंडळाची स्थापना झाली.

एकदा घाटावर, वहिनी थोड्या दूर असताना, ते मला म्हणाले, "गुरुजी, ज्या दिवशी तिला पुढची गोष्ट नको होईल, त्या दिवशी ती सुई घेणार नाही. मला दुसरी काही विद्या येत नाही. एवढी एकच दोरी आहे माझ्या हातात."

त्या आजारात पाणीही मोजून प्यावे लागते. चैत्रातल्या एका दुपारी वहिनींच्या ओठांची साल निघत होती. तेव्हा राजदूतांनी कानांनी पाणी पिणारे लोक शोधून काढले. त्यांच्याकडे पाहुणा आला की त्याला नदीकाठी नेऊन बसवतात आणि तृप्त होईस्तोवर कोणी मध्ये बोलत नाही. तेव्हापासून हे दोघे रोज संध्याकाळी घाटावर येत आणि जिथे पाणी दगडावरून उतरते तिथे बसत. अर्ध्या तासाने राजदूत विचारीत, "झालं पिऊन?" वहिनी म्हणत, "अजून एक ग्लास." आपली गोदामाई मी जन्मभर पूजिली आहे. तिचे असे प्राशन मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिले नाही.

एकोणीस ग्रहांपैकी एका ग्रहावरचे लोक मात्र वहिनींनी स्वतः घडवले होते. त्या लोकांच्या घरांची दारे कधी लागत नाहीत. घरातला कोणी गेला तर तो बाहेर गेला आहे एवढेच ते समजतात, आणि रोज त्याचे ताट मांडतात. मी त्यांना 'अनस्त' म्हटले, ज्यांना मावळणे नाही ते. वहिनी हसून म्हणाल्या, "माझ्या साध्या माणसांना केवढं जड नाव दिलंत! मी आपली दारवालेच म्हणणार." या दारवाल्यांच्या पानावर चार नोंदी होत्या. पाचवीसाठी, निरोपासाठी, राखलेले पुढचे पान कोरे होते. त्यामुळे त्यांना सभेत मत नव्हते.

"यांचा अर्ज किती दिवस पडून राहणार?" मी विचारले होते.

"राहू दे की पडून," वहिनी म्हणाल्या. त्या येवल्याच्या, पैठणी विणणाऱ्या घरातल्या. "आमच्याकडे साडी मागावरून उतरवली तरी मागे थोडा ताणा, उभे धागे, ठेवतात, गुरुजी. पुढचा ताणा त्यालाच जोडायचा असतो. सगळाच कापला तर माग पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. आता एवढी ताकद कुठली?"

मी ते वाक्य ऐकले आणि मला ते आवडलेही. त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोहोचला नाही.

गेल्याच्या मागल्या वर्षी, माघात, राजदूतांनी वही माझ्या स्वाधीन केली. "नावांचं शुद्धलेखन तेवढं बघा. दारवाल्यांचं पान तसंच राहू द्या, त्यात काही करायचं नाही." इतके स्पष्ट सांगितले होते. पण आमच्या व्यवसायात यजमान रोज म्हणतात, "एवढं नको गुरुजी, थोडक्यात करा," आणि विधी यथासांग झाला की त्यांच्याच डोळ्यांत समाधान दिसते. त्या 'नको'ला मी चाळीस वर्षे संकोच समजत आलो होतो. शिवाय ज्या शास्त्रात अंत्येष्टी नाही ते शास्त्र मला अपुरे वाटे. राजदूतांना ते सुचले नसावे, आपण पूर्ण करून द्यावे, त्यांना आनंद होईल. दोन दिवस बसून मी चार अनुष्टुभ श्लोक रचले, खाली मराठी अर्थ लिहिला, आणि चांगल्या शाईने, सुवाच्य अक्षरांत ते कोरे पान भरून टाकले. वही परत करताना म्हणालो, "आत एक भेट आहे. सभेत वाचाल तेव्हा कळेल."

"मग सभेलाच या," राजदूत म्हणाले.

मी गेलो. सभेची जागा म्हणजे डायलिसिसचा हॉल. तिथे सहा खाटा होत्या. वहिनींच्या शेजारच्या खाटेवर मखमलाबादकडचे, झेंडूची शेती करणारे एक आबा होते. राजदूत आत येताच ते ओरडले, "काय राजदूत, त्या सावकाश लोकांचं मत आलं का नाय? लय दिस झाले!"

"क्रियापदापर्यंत आलेत, आबा."

"येऊ द्या, येऊ द्या. मला कुठं जायाचंय!" सगळा हॉल हसला. वहिनींचे हसणे मी त्या दिवशी शेवटचे ऐकले.

राजदूत वाचू लागले. पाने उलटता उलटता दारवाल्यांपाशी आले आणि नवी अक्षरे पाहून, ओघातच, मोठ्याने वाचून गेले: "ज्याचे ताट रोज मांडले, त्याचे ताट आज उचलावे. ज्याच्यासाठी दार उघडे ठेवले, ते दार आज हलकेच लोटून घ्यावे." येथे त्यांना उमगले. त्यांचा आवाज थांबला. मी कौतुकाच्या अपेक्षेने त्यांच्याकडे पाहत होतो, हे मला लपवायचे नाही.

"वाचा ना पुढे," वहिनी म्हणाल्या.

"एवढंच आहे."

त्या छताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांचंही ठरलं तर."

त्यापुढच्या पाळीला त्या गेल्या नाहीत. राजदूतांनी नवा ग्रह आणला, त्यांनी ऐकला नाही. दोन दिवसांनी राजदूत माझ्या दारी उभे राहिले. अभिवादन नाही, काही नाही. "गुरुजी, तुम्ही चला. तुमचं ऐकेल ती. शास्त्रात काहीतरी असेल ना?"

शास्त्रात पुष्कळ आहे. देहरक्षण हा धर्म आहे, हे मी वहिनींच्या खाटेशी बसून सांगितले, आधार सांगितले, शेवटी हात जोडून म्हणालो, "वहिनी, ते पान माझी चूक आहे. ते खरे धरू नका."

त्यांचा चेहरा सुजला होता. "चूक कसली, गुरुजी? छान लिहिलंय तुम्ही. हलकेच लोटून घ्यावं." थोडा वेळ दम घेऊन म्हणाल्या, "दार किती दिवस धरून ठेवायचं? हात भरून येतो हो." मग राजदूतांकडे वळून म्हणाल्या, "ह्यांना चहा द्या."

नवव्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले की हृदय आधीच थकले होते, फार तर काही महिने मिळाले असते. ते काही महिने कोणाचे होते आणि कोणी काढून घेतले, हे मला कोणी विचारले नाही. दशक्रिया मीच केली. राजदूतांनी मला शब्दानेही दोष दिला नाही. मंत्र सांगितला तसा म्हटला, पाणी सोडा म्हटले तेव्हा सोडले. फक्त पाणी दगडावरून उतरते त्या जागेकडे त्यांनी पाठ केली होती.

तेरावा झाल्यावर ते वही घेऊन आले. खिशातून कागदात गुंडाळलेले अर्धे ब्लेड काढले. कारखान्यात ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ते ब्लेडने खरवडून काढीत, खालचा कागद जसाच्या तसा राही, असे त्यांनीच पूर्वी मला सांगितले होते. माझ्या ओसरीवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, ते माझी अक्षरे खरवडू लागले. एकेक काना, एकेक वेलांटी. ड्राफ्ट्समनचा हात, रेघेबाहेर गेला नाही. पण वहीचा कागद साधा. शाई आरपार गेलेली. तिसऱ्या ओळीवर कागद फाटला आणि त्या भोकातून खालच्या पानावरचा दारवाल्यांच्या घराचा आराखडा दिसू लागला.

त्यांनी ब्लेड पुन्हा कागदात गुंडाळले. "ट्रेसिंग पेपर असता तर निघालं असतं," ते म्हणाले. वही माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडून सरळ म्हणाले, "नमस्कार." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी प्रथमच ऐकला.

पुढे ते पुतण्याकडे पेठला गेले. जाण्यापूर्वी हॉलमध्ये राहिलेली वहिनींची चादर आणायला गेले होते. आबांनी खाटेवरून विचारले, "मत आलं का ओ?" राजदूत म्हणाले, "मंडळ बरखास्त झालं, आबा." हे मला आबांनीच सांगितले. सांगताना ते म्हणाले, "मी उगाच इचारलं, गुरुजी." वर्षाच्या आत पेठहून राजदूतांच्या निधनाचा निरोप आला. पुतण्या सांगत होता की काका शेवटी फार बोलत नसत. घराचे दार मात्र रोज संध्याकाळी स्वतः उठून लावीत आणि कडी नीट बसली का ते हाताने पाहत.

आज श्राद्धाच्या वेळी मी त्यांचे नाव, त्यांच्या पित्याचे आणि पितामहाचे नाव उच्चारले. वहिनींचे नाव उच्चारताना जीभ अडखळली नाही. चाळीस वर्षांची सवय आहे. घरी आल्यावर मी जेवणापूर्वी दोन ताटे अधिक मांडली आणि दार उघडे ठेवून बसलो. अन्न निवून गेले. मग मीच रचलेल्या विधीप्रमाणे ताटे उचलली आणि दार हलकेच लोटून घेतले. माझ्या त्या श्लोकांत छंदाचा एकही दोष नाही. मी पुन्हा पुन्हा तपासले आहे.

वाचकहो, तुमच्या घरात कोणी एखादे पान कोरे ठेवले असेल, तर ते कोरेच राहो. ते भरून देणारा माझ्यासारखा जाणता तुमच्या उंबऱ्याशी न येवो. तुमच्या तहानेल्या माणसांना गोदामाई कानांनी का होईना, पाजीत राहो, आणि तुमच्या घरची सारी ताटे रामराया दीर्घकाळ मांडलेली ठेवो.