दुधाळ फिल्म

प्लास्टिकच्या प्रयोगशाळेत धाकट्या जावेला नोकरी लावून दिली ती थोरलीनेच, आणि मग पोटात दुखायला लागलं तेही तिच्याच. घरात सासूबाई उठताबसता धाकटीचे गोडवे गात, ते तिने कसंबसं पचवलं होतं. आता इथेही तेच!

दोन प्लास्टिकं एकजीव करायची होती. थोरलीने वर्षानुवर्षं ढवळून हात मोडून घेतले, उष्णता वाढवून पाहिली. पण द्रावण काचेवर ओतून वाळवलं, की दोन्ही वेगळीच राहून फिल्म निघायची ती दुधाळ; पलीकडचं कॅलेंडरही दिसत नसे. धाकटीने एका प्लास्टिकच्या लांब साखळीवर विद्युतभार असलेले अणूंचे मोजकेच गट बसवले. त्यांनी दुसऱ्या प्लास्टिकला ओढून धरलं आणि फिल्म नितळ निघाली. साहेबांनी तिच्यातून कॅलेंडरवरच्या तारखा मोठ्याने वाचल्या. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यातून विभागाची प्रमुख निवडायची होती. थोरलीला ती खुर्ची हवी होती, अगदी काहीही करून हवी होती. थोड्या गटांनी एवढं होतं, तर तिप्पट घातल्यावर काय होईल! धाकटी रजेवर असताना तिने गुपचूप तसंच केलं आणि सकाळी साहेबांसमोर ऐटीत फिल्म सोलली.

ती पांढरीफट्ट होती. गट इतके झाले, की ते आपापसातच गठ्ठे करून बसले. दुसऱ्या प्लास्टिकला धरायला कोणी मोकळंच उरलं नाही. अति तिथे माती, दुसरं काय!

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

रजेवरून नुकतीच परतलेली धाकटी पर्स न ठेवताच पुढे झाली. "सर, मीच ताईंना म्हटलं होतं. किती घातले की बिघडतं, ते बघायचं होतं."

"छान! मर्यादा कळली," साहेब म्हणाले. दुपारी खुर्ची धाकटीला मिळाली.

बाहेर आल्यावर थोरली फणकारली, "कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"अहो ताई, माझीही पहिली फिल्म अशीच बिघडली होती."

संध्याकाळी बातमी ऐकून सासूबाई थोरलीला म्हणाल्या, "मग तू कुठे कमी पडलीस गं?"

"कुठे काय! मला सगळं काम ताईंनीच शिकवलं," धाकटी पटकन म्हणाली.

थोरली मान खाली घालून भांडी घासत राहिली. हिने एकदा तरी वाईट वागावं, असं तिला वाटलं. म्हणजे सुखाने जळता तरी येईल.