मला चेंडू कोणी देईना

आइंडहोवनमध्ये आयरिश बायकांचा फुटबॉल क्लब निघाला तेव्हा त्यांच्याकडे अध्यक्ष होती, उपाध्यक्ष होती, खजिनदार होती, जर्सीचा रंग ठरवायला एक उपसमिती होती आणि त्या उपसमितीवर रुसून बसलेली एक बाईही होती. खेळायला मात्र पुरेशा बायका नव्हत्या. हे कळल्यावर मला ही माणसं एकदम घरची वाटली. आमच्या इथल्या मराठी मंडळातही गणपती बसायच्या आधी दोन गट पडतात आणि आरतीच्या वेळी टाळ वाजवायला कोणी सापडत नाही.

मी आइंडहोवनशेजारच्या न्यूनेन या डच गावात राहते. नवरा चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि मी त्याच्या व्हिसाला चिकटून इथे आले. पुण्यात मला नोकरी होती, टेबल होतं, माझ्यावर चिडणारा साहेब होता. इथे मी आधी ‘याची बायको’ झाले आणि मग ‘हिची आई’. हळदीकुंकवाला गेलं की बायका विचारतात, "मिस्टर कुठल्या डिपार्टमेंटला?" माझं डिपार्टमेंट आजवर कोणी विचारलेलं नाही. आता मी घरून चार छोट्या दुकानांचे हिशेब बघते. ते सांगितलं की "अरे वा, वेळ छान जात असेल," असं ऐकायला मिळतं.

तर या क्लबची कॅप्टन आमच्याच गल्लीत राहते. उंच, दणकट आणि कधीही कुजबुजू न शकणारी बाई. इतकी वर्षं तिला आणि तिच्या मैत्रिणींना स्पर्धेच्या वेळी दुसऱ्या शहराच्या संघात उसनं खेळावं लागायचं, दुसऱ्यांच्या जर्सी घालून. त्याचा तिला भयंकर राग. यंदा स्वतःचा संघ उतरवायचाच असं तिनं ठरवलं होतं आणि नेमकी एक बाई कमी पडत होती. एका शनिवारी मी सायकलला भाजीच्या पिशव्या लटकवून येत होते. तिनं मला थांबवलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू धावतेस का?"

"बस सुटत असेल तर."

"ग्रँड," ती म्हणाली. आयरिश माणूस ग्रँड म्हणतो तेव्हा भव्य असं काही घडलेलं नसतं. चालून जाईल, एवढाच त्याचा अर्थ.

घरी सांगितलं तर नवरा हसायचाच थांबेना. "अगं, तुला नियम तरी माहीत आहेत का?"

"तुला क्रिकेटचे सगळे माहीत आहेत. तू किती खेळतोस?"

मग तो लॅपटॉप उघडून बसला. हा माणूस चहाचं गाळणंसुद्धा रिव्ह्यू वाचल्याशिवाय घेत नाही. दोन दिवस अभ्यास करून त्यानं माझ्यासाठी असे नी-गार्ड मागवले की ते घालून मला गुडघाच वाकवता येईना.

यांचा फुटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसतो तो नव्हे. यात चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण काही पावलांनी तो जमिनीवर आपटावा लागतो, नाहीतर पायावर सोडून लाथेनं परत हातात घ्यावा लागतो. मुठीनं मारून तो दुसरीला द्यायचा. गोलाचे खांब वरपर्यंत गेलेले. आडव्या दांड्याच्या वरून मारला तर एक गुण, खालून जाळ्यात मारला तर तीन. एकाच खेळात सगळ्यांना खूश ठेवायचं म्हटलं की असंच व्हायचं. एक रग्बीचं मैदान भाड्यानं घेतलं होतं. तिथे दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही आडव्या पावसात धावायचो.

म्हणजे त्या खेळायच्या आणि मी धावायचे. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात पुढे करून. चेंडू माझ्या डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा, डोक्यावरून जायचा. चुकूनही माझ्याकडे यायचा नाही. गंमत म्हणजे माझं कौतुक सगळ्यांत जास्त व्हायचं. मी बुटाची नाडी बांधली तरी "वेल डन!" मी वळले तरी "ब्रिलियंट!" एकमेकींना मात्र त्या अशा शिव्या घालायच्या की न्यूनेनमधल्या सभ्य गाई कुंपणापासून मागे सरकाव्यात. मला वाटायचं, पाहुणी म्हणून मान देताहेत. मलाही तो मान बरा वाटत होता.

मग एकदा आमची आठ वर्षांची कन्या सराव बघायला आली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मराठीत दिलं तर तिला बहुतेक दंड होत असावा. परतताना सायकल चालवता चालवता ती शांतपणे म्हणाली, "आई, दे नेव्हर पास टू यू."

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरंच होतं ते. संघ पुरा भरायला एक डोकं हवं होतं, ते मी पुरवत होते. व्हिसावर जशी मी नावापुरती होते, तशीच इथेही. मला वाईट वाटलं आणि पाठोपाठ संतापही आला. चांगली खेळाडू व्हायची माझी इच्छा नव्हती. मला फक्त चेंडू हवा होता, कोणीतरी माझ्याकडे बघून, मला म्हणून दिलेला.

पहिला सामना ब्रेडा शहरात होता. समोरचा संघ दुसऱ्या एका डच शहरातल्या आयरिश बायकांचा, म्हणजे ज्यांच्यात आमच्या बायका आजवर उसन्या खेळायच्या त्याच. सुरुवात गळाभेटींनी झाली आणि शिट्टी वाजताच सगळ्याजणी एकमेकींच्या जिवावर उठल्या. मी नेहमीप्रमाणे धावत होते. तेवढ्यात त्यांची एक आडदांड बाई चेंडू घेऊन सरळ माझ्या अंगावर आली. मी आडवी गेले आणि माझा बूट तिच्या नडगीवर खाडकन बसला.

आता, कोणाला पाय लागला की आपलं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. डोक्याला विचारायच्या आधी हात जातो. मी खाली वाकले, तिच्या गुडघ्याला हात लावला आणि तो छातीशी नेला. सामना चालू आहे हे माझ्या हाताला माहीत नव्हतं. ती बाई जागच्या जागी थांबली. "तुला काही झालं का गं?" तिनं काळजीनं विचारलं. आमच्या संघातल्या एकुलत्या एका डच बाईनं तिच्या हातातला चेंडू अलगद उडवला आणि पुढे पळत जाऊन जाळ्यात घातला. रेफरीला माझी लाथ दिसली नव्हती, फक्त नमस्कार दिसला होता. त्यानं अदबीनं मान झुकवली आणि तीन गुण दिले.

मध्यंतरात माझ्याभोवती गर्दी झाली. आयुष्यात एवढा भाव मला लग्न सोडलं तर कधीच मिळाला नव्हता. कॅप्टननं माझ्या खांद्यांवर हात ठेवले. "ते जे केलंस ना, ते परत कर. पण त्यांच्या गोलाजवळ कर. मी खूण करीन."

"ते ठरवून करता येत नाही," मी म्हटलं.

"का नाही?"

"आधी लाथ मारावी लागते."

"मग मार," डच बाई म्हणाली. "सोपं आहे."

सगळ्याजणी हसल्या आणि माझं डोकं फिरलं. इतके महिने मी पावसात हात पसरून धावले, आणि यांना माझ्यात उपयोगाचं काय सापडलं, तर माझी माफी. मी ओरडले नाही. पुण्यात साहेबाशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "नमस्कार मी डावपेच म्हणून करणार नाही. मला चेंडू द्या. आजवर तुमच्यापैकी एकीनंही मला चेंडू दिलेला नाही."

कॅप्टन बुटांकडे बघू लागली. दुसरी एक गडबडीनं म्हणाली, "अगं, तू इतकं छान धावतेस..."

"खरं सांगू?" डच बाई म्हणाली. "तुझ्या हातून सुटेल म्हणून आम्ही देत नाही." इथल्या लोकांच्या स्पष्टवक्तेपणाचा मला एरवी वैताग येतो. त्या दिवशी तिला मिठी मारावीशी वाटली.

"दिलाच नाही तर सुटणार तरी कसा?" मी विचारलं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि आम्ही परत मैदानावर गेलो.

उत्तरार्धात शेवटपर्यंत बरोबरी होती. संपत आलं होतं. चेंडू कॅप्टनच्या हातात, भोवती दोघीजणी, आणि मोकळी एकटी मी. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागेसुद्धा पाहिलं. मग नाइलाजानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं दुःख मला लांबून दिसलं. तिनं मूठ मारली.

चेंडू आला. ओला, जड, आणि थेट माझ्या छातीवर. मी तो धरला. धरून पळालेसुद्धा, पावलं मोजत, मग पायावर सोडला. तो परत हातात यायला हवा होता. तो भलतीकडे उडाला, त्यांच्यातल्या एकीला सापडला, आणि तिनं पलीकडे जाऊन दांड्यावरून मारला. रेफरीनं शेवटची शिट्टी फुंकली. आम्ही एका गुणानं हरलो, आणि तो गुण सर्वस्वी माझा होता.

मी चिखलात गुडघ्यांवर बसून होते. कॅप्टन लांबूनच बोलत आली. मी आंधळी आहे का, डावीकडे अख्खी बाई मोकळी उभी होती ती मला दिसली नाही का, चेंडू पायावर सोडतात की शेजाऱ्याच्या अंगणात फेकतात, असं सगळं, आणि प्रत्येक दोन शब्दांमध्ये एक शिवी. वेल डन नाही, ब्रिलियंट नाही. मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीवर चेंडू मारत बस, म्हणाली. मला इतका आनंद झाला की चेहरा गंभीर ठेवताना त्रास होत होता.

सामना बघायला आलेला नवरा कडेनं छत्री घेऊन तरातरा आला. "ही कोण अशी बोलणारी तुला? थांब, मी बघतो."

"अरे, मध्ये बोलू नकोस," मी म्हटलं. "तिचं अजून संपलेलं नाही."