मी लिहिलेला काकाचा शेवट

माझ्या कादंबरीला शेवट नव्हता आणि ती जमा करायला नऊ दिवस उरले होते. बाकी सगळं होतं. बंदर होतं, होड्या होत्या, वाळत घातलेले बोंबील होते, नवरा दर्यात हरवलेली एक बाई होती आणि तिच्या तोंडी मी घातलेली लांबलचक भाषणं होती. फक्त ती बाई पुढे काय करते हे मला सुचत नव्हतं. सुचणार कसं? ती बाई म्हणजे माझी काकी. आमच्या शेजारच्याच घरात राहायची, आणि पुढे काय ते तिलाही माहीत नव्हतं.

मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मुंबईतल्या एका प्रकाशकाने विद्यार्थ्यांच्या पहिल्या कादंबरीसाठी योजना काढली होती. पूर्ण हस्तलिखित ऑक्टोबरअखेर द्यायचं, निवडलं गेलं तर त्याचं पुस्तक होणार. आमच्या सरांनी वर्गात विचारलं, कोण लिहितंय, आणि माझा हात वर गेला. का गेला, देव जाणे. पाचूबंदरासारख्या ख्रिस्ती कोळीवाड्यातून एम.ए.ला आलेली मी एकटीच. बोलता बोलता माझ्या तोंडून 'पानी' निघून जायचं आणि मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसायचं. तर दाखवतेच एकेकाला, असं काहीतरी डोक्यात असणार. वर सरांना ठोकून दिलं, अर्धी लिहून झालीये. एक ओळ लिहिलेली नव्हती. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

आमच्या घरात लिहायची सोय नव्हती. टीव्ही दिवसभर चालू, धाकटे दोघे एकमेकांच्या उरावर, आणि मी लॅपटॉप उघडला की आईला नेमकी तेव्हाच लसूण सोलून हवी असायची. म्हणून दुपारी मी काकीकडे जाऊन बसायची. काकी सकाळी मासळी घेऊन माणिकपूरच्या बाजारात जायची, एकपर्यंत परतायची, जेवायची आणि सुकी मासळी निवडत बसायची. मी विचारायची, ती सांगायची. काका कसा जेवायचा, कशावरून चिडायचा, लग्नात त्याने कोणाचा कोट घातला होता. ती सांगताना हसायची. मी टाइप करायची. लोकांना वाटतं कादंबरी सुचते. माझी तरी काकीने मासळीतला कचरा काढता काढता सांगितली.

काका गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. बोटीवर पाचजण होते, चारजण परत आले. जाळं टाकून सगळे पडले होते, पहाटे जाळं ओढायला उठले तर काका नव्हता. एवढंच. कोणी त्याला पडताना पाहिलं नाही, कोणी हाक ऐकली नाही. आमच्या बंदरातल्या सगळ्या बोटी शोधायला गेल्या, पार डहाणूपर्यंत निरोप गेले. काही मिळालं नाही. माझे पप्पा त्याचे सख्खे भाऊ. त्यांनी त्या वर्षी दर्या सोडला आणि कारखान्यात लागले. काकीने काहीच सोडलं नाही. ती रंगीत साड्याच नेसत राहिली आणि कोणी दबक्या आवाजात बोलायला लागलं की म्हणायची, "मेला असता तर आला असता. पानी कोनाला ठेवून घेत नाय."

आमच्या आळीत कागद म्हणजे मी. कोणाचा अर्ज, कोणाची लग्नपत्रिका, कोणाची नगरपालिकेकडे तक्रार, सगळं माझ्याच हातचं. काकीला तर माझ्या अक्षराचा फारच भरवसा. बाजारात तोंडी सांगितलेलं ती काडीचं खरं धरत नाही, पण कागदावर आलं की तिच्यासाठी तो विषय मिटला. मी सोळा वर्षांची असताना तिच्या रेशनकार्डाचा अर्ज भरत होते. त्यात विचारलं होतं, पती हयात की मयत. मी पेन उचलून तिच्याकडे बघितलं. "हयात," ती म्हणाली, आणि मी लिहीपर्यंत कागदावरून नजर काढली नाही.

कादंबरीसाठी पहिल्यांदा तिच्यासमोर बसले तेव्हाही तिने एवढंच सांगितलं होतं. "लिही काय लिवायचं ते. त्याला मारू नको म्हनजे जालं."

"नाही गं मारणार," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की आता आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

बोटीवरचं काम नीट कळावं म्हणून मी त्या परत आलेल्या चौघांकडेही जाऊन आले. वही घेऊन, मोठी पत्रकार असल्यासारखी. दोघांनी दारातूनच वाटेला लावलं. तिसरा गावात नव्हता. चौथा म्हणजे त्या बोटीचा तांडेल. सगळी बोट त्याच्या हुकमावर चालायची, आता म्हातारा झालाय. त्याने चहा पाजला, तासभर डिझेलबद्दल आणि आटत चाललेल्या मासळीबद्दल बोलला, आणि काकाचा विषय काढल्यावर "चांगला पोर होता" म्हणून कपाच्या बशीकडे बघत बसला. मी निघाले तेव्हा काकी बाजारातून येत होती. तिने मला त्याच्या अंगणातून बाहेर पडताना पाहिलं. काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही मिळालंच नव्हतं.

तर नऊ दिवस उरले आणि घोडं अडलं. मी सरांना सगळं वाचायला दिलं. ते भले माणूस आहेत, त्यांनी ते दोन दिवसांत वाचलं. म्हणाले, "तुझी भाषा चांगली आहे, पण हे संपतं कुठे? वाट बघत बसलेली बाई हा शेवट नाही, ती सुरुवात आहे. तिला काहीतरी कळलं पाहिजे." मी म्हटलं, सर, तिला खरंच काही कळलेलं नाहीये. ते म्हणाले, "मग तू कशाला आहेस?"

त्यानंतरचे दिवस मला कोणी परत दिले तरी नकोत. मी रोज काहीतरी लिहायची आणि दुसऱ्या दिवशी पुसायची. एकदा काकाचं गुजरातच्या बंदरात दुसरं लग्न लावून ठेवलं. वाचून मलाच ओकारी आली. एकदा त्या बाईला नुसतं किनाऱ्यावर उभं केलं आणि सूर्य बुडवला. तो तर कोणीही बुडवतं. जेवण जाईना. आई म्हणाली, परीक्षा आहे का, मी तिच्या अंगावर ओरडले. मला स्वच्छ दिसत होतं की मला लिहिता येत नाही. मी दुसऱ्याच्या दुःखावर बसून पानं भरणारी एक लबाड मुलगी आहे आणि तेही मला धड जमत नाहीये. हे मी दुःखाने वगैरे म्हणत नाही. तेव्हा मला ते वहीवर लिहिलेल्या तारखेइतकं खरं वाटत होतं. योजनेतून नाव काढून घ्यायचं तर सरांना तोंड दाखवायचं कसं, आणि त्या मागच्या बाकाला?

चार दिवस उरले असताना सकाळी काकी बाजारातून यायच्या आत मी तिच्या घरात बसले आणि त्याला मारला. अर्नाळ्याच्या बाजूला प्रेत लागतं. चेहरा ओळखू येत नाही. गळ्यात रोजरीची जपमाळ असते, तुटलेली, जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली. त्या माळेवरून बाई त्याला ओळखते. सात पानं, अडीच तास. बोटं थांबत नव्हती. आणि लाज वाटते सांगायला, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला फार आनंद झाला. मी उठून काकीच्या माठातलं पाणी प्यायले आणि स्वतःशी हसले. वचन आठवलं नाही असं नाही. आठवलं. मी मनाशी म्हटलं, कादंबरीतला माणूस वेगळा. काकी कुठे वाचणार आहे, चौथी शिकलेली बाई.

ती कादंबरी पुढे नापसंत झाली. ते इथेच सांगून टाकते, त्याचं मला आता काही वाटत नाही.

माणिकपूरला प्रिंट काढले, दोन प्रती पाठवल्या. तिसरी माझ्यासाठी. ती घरी ठेवली असती तर धाकट्यांनी तिच्यावर चित्रं काढली असती म्हणून काकीच्या कपाटावर ठेवली आणि दोन दिवस मेल्यासारखी झोपले. आता कळतं, तो गठ्ठा मी जगात कुठेही ठेवायला हवा होता, तिथे सोडून. चौथी शिकलेली बाई रोज संध्याकाळी प्रार्थनेचं पुस्तक वाचते, हे मी जन्मापासून बघत आले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेले तर काकी बाजारातून आलेली, साडीसुद्धा न बदलता खाली बसलेली. मांडीवर शेवटची पानं. ओळीवर बोट होतं.

"कोनी सांगितलं तुला?" तिने विचारलं. "म्हाताऱ्यानं?"

"काकी, कोणी नाही सांगितलं. मी बनवलंय ते. गोष्ट आहे."

"तू गेलेलीस त्याच्या घरी. मी बघितलं तुला."

"गेले होते. तो काही बोलला नाही. शप्पथ. डिझेलचं बोलला."

"मग माळ तुला कशी ठाऊक?"

ती म्हणाली, काकाची माळ तुटलेली. निघायच्या आदल्या दिवशी त्याने इथेच बसून ती जाळ्याच्या दोऱ्याने बांधली. घरात दोघंच होती. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही, कारण त्याला नवीन माळ घेऊन द्यायला वेळ झाला नाही याचं तिला वाईट वाटायचं.

"अगं, आपल्याकडे सगळ्यांच्या माळा तशाच असतात," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "पप्पांची बघ. माझी बघ. तुटली की कोण सोनाराकडे जातं? घरात जाळ्याचा दोरा पडलेला असतो, त्यानेच बांधतो. म्हणून लिहिलं मी. मला दुसरं काही सुचलंच नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. तिला माझी कीव आली होती. "तू लहान होतीस तेवा पन खोटं बोलताना अशीच वरडायचीस," ती म्हणाली. "माज्या जिवाला लागंल म्हनून नाय बोलत. कळतंय मला. लिवून ठेवलंस ते बरं केलंस."

मी रडले. तिचे पाय धरले. पप्पांना बोलावून आणलं, त्यांनीही सांगितलं, वहिनी, तसं काही झालेलं नाही, पोरीने मनाचं लिहिलंय. ती त्यांनाही म्हणाली, "तुमाला पन ठाऊक होतं तर." पप्पांचं तोंड एवढंसं झालं. मी तांडेलाला घेऊन येते म्हणाले, तर काकी म्हणाली, म्हाताऱ्याला कशाला त्रास, त्याने एवढी वर्षं पोटात ठेवलं ते काय कमी आहे. ज्याने त्याने नाही म्हटलं की तिची खात्री आणखी पक्की होत होती. कागदावर आलेलं होतं ना, आणि तेही माझ्या हातून.

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे मेलेल्यांचा दिवस येतो. आदल्या आठवड्यात घराघरातून फादरांकडे नावांचा कागद जातो आणि मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, ती नावं वाचली जातात. काकीच्या घरचा कागद मीच लिहिते. त्या वर्षी तिने मला दुसऱ्याच दिवशी हाक मारली. आजोबांचं नाव सांगितलं, लिहिलं. आजीचं सांगितलं, लिहिलं. मग काकाचं नाव घेतलं. नवऱ्याचं नाव घेताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"काकी, मी हे नाही लिहिणार."

"तिकडे लिवलंस ना," ती म्हणाली. "हितं पन लिही. अकरा वर्सं त्याच्यासाटी कोनी एक मिस्सा नाय केला. मी अडवलं सगळ्यांना."

मी लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं, कारण मला दुसऱ्या अक्षरात लिहिता येत नाही. मी नसतं लिहिलं तर तिने दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असतं, असं मी नंतर हजारदा स्वतःला सांगितलंय. त्याने काही फरक पडत नाही.

मिस्साच्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली. पांढरी साडी होती, नवीन, घडीच्या रेघा तशाच. नाव वाचलं गेलं तेव्हा तिने मान हलवली, बाजारात कोणी भाव कबूल केला की हलवते तशी.

संध्याकाळी तिने मला बोलावलं. खोबरेल तेलाची बाटली घेऊन दाराशी उभी होती. दाराची आतली कडी गंजून बसली होती, तिला ती सरकवता येत नव्हती. अकरा वर्षांत ती एकदाही लावलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी तेल घातलं, फडक्याने पुसलं, पुन्हा घातलं. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ती हलली. काकीने एकदा लावून बघितली, काढली, म्हणाली, "हां. आता जा तू, आय वाट बगत असंल." मी बाहेर आले, आणि माझ्या पाठीमागे कडी लागली.