मरळीची पिल्लं

"डोळे झाकले का गप होती, भाऊ." मरळ हातात आली की मामा हे म्हणायचेच, आणि ओला रुमाल तिच्या डोळ्यांवर टाकायचे. हातभर लांबीचा, सापाच्या तोंडाचा तो मासा मग खरोखरच निपचित पडायचा. मामांसारखा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, एरवी दिवसभर तोंड न उघडणारा.

मामा आमच्या जालन्याच्या ऑफिसात नकाशे काढायचे; सगळं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. मामी गेल्यावर त्यांनी अचानक कयाक मागवली, एका माणसाची पिवळी प्लास्टिकची होडी. जालन्यात प्यायला पाणी नाही आणि मामा दर्यावर निघाले, अशी आम्ही महिनाभर थट्टा केली. ते दर रविवारी टेंभुर्णीजवळच्या तलावावर जायचे. एकदा रात्री तिथेच राहून सोमवारी तलावावरून थेट ऑफिसात आले आणि ओल्या पोत्यातली मरळ टेबलाखाली ठेवली. मरळ वरची हवा घेऊन जगते. दुपारपर्यंत पोत्यातून श्वासाचा आवाज येत होता, आणि आमचे जैन बाबू खुर्ची उचलून गॅलरीत जाऊन बसले.

माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा कुणीतरी सांगितलं, अंगात ताकद यायला मरळ खाऊ घाला. मी मामांच्या मागेच लागलो. पावसाळ्याचे दिवस होते. मामा म्हणाले, आत्ता नको, आत्ता त्यांची पिल्लं असतात. मी ऐकलं नाही.

त्या रविवारी सकाळी मी काठावर उभा होतो. मामांनी गळाला लावलेला रबरी बेडूक पाण्यात टाकला आणि लगेच मरळ लागली. तिचे डोळे झाकून, पोत्यात घालून ते वल्हवत परत निघाले. वारा नव्हता, पक्षीही ओरडत नव्हते. कयाकच्या मागे पाण्यात परातीएवढा लाल डाग सरकत येत होता. मामा थांबले की तोही थांबायचा. मग एकदम शेकडो इवली तोंडं हवेसाठी वर आली.

"हिची पोरं हायेत. लाल हायेत तवर आई लागती. काळी पडली का आपापली जातेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नुसतं सोडा म्हणालो असतो तर त्यांनी ती सोडली असती.

"मामा, घरी वाट बघून राह्यलेत," मी म्हणालो. त्यांनी पोतं माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा टाकली. फोन केला तर म्हणाले, बगळे टपलेत, इथून हलता येत न्हाई. कयाक त्या लाल डागावर उभी करून ते दिवसभर सावली धरून बसायचे, असं तिथले मासेमार सांगायचे. बोलावलं तरी मान वळवायचे नाहीत. मला लाज वाटत होती, म्हणून मी गेलो नाही.

नवव्या दिवशी मासेमारांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा मामा कयाकमध्ये ताठ बसलेले होते, वल्हं मांडीवर. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय थांबलं होतं, सकाळीच कधीतरी. त्यांना तसंच कयाकसकट ओढत काठाला आणलं. तो लाल डाग मागोमाग आला, घोट्याएवढ्या पाण्यापर्यंत आला, आणि तिथेच तोंडं वर काढत राहिला. 

मामांना गाडीत ठेवल्यावर त्यांचा मुलगा कयाक उचलायला वाकला. मी त्याचा हात धरला.

"राहू दे पाण्यात," मी म्हणालो. "अजून लालच हायेत."

आणि बूट काढून मी कयाकमध्ये बसलो.