करंट कमी करा की

मंडळी, टेपवर संगणकाचे एक-शून्य लिहिणारं सर्किट आज घरी जुळवलं. ते रेकॉर्डिंग हेडमधल्या करंटची दिशा उलटसुलट करतं, आणि करंट इतका दणकट सोडतं की टेपवरचं जुनं सगळं मिटतं.

चाचणीसाठी शेजारच्या मावशींनी सेलूच्या माहेरचा टेपचा स्पूल दिला. "कोराच हाय," म्हणाल्या.

सवयीनं आधी वाजवून पाहिला. कापसाच्या सौद्यात कुणीतरी म्हणत होतं, "औंदा आपन मुंबई राज्यात गेलो, भाव तरी वाढवा." म्हणजे १९५६ सालचं रेकॉर्डिंग.

"दादा हायेत," मावशी म्हणाल्या. वडील त्यांचे. मग म्हणाल्या, "करंट कमी करा की. वरून तुमचं लिवा, खाली दादा ऱ्हाऊ द्या."

कमी करंटनं धड जुनं राहत नाही, धड नवं उमटत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी स्पूल पदराखाली घेतला.

कोरी समजून ठेवलेली टेप तुमच्याही घरी आहे का?